जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी: सेन्सरचं रीडिंग खरं की खोटं, ते असं तपासा

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटका मारते, तिसऱ्याच गिअरमध्ये अडकून बसते किंवा डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्हचा (सर्वात वरच्या गिअरचा) दिवा लुकलुकतो. गॅरेजवर गेलात की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य एकच ऐकू येतं: "बॉक्स उतरवावा लागेल." जळगाव-धुळ्याकडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून नीट बसवणारे कारागीर मोजकेच आहेत. त्यामुळे बॉक्स नाशिकला किंवा सुरतेला जातो, गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते आणि खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो. मूळ दोष मात्र बऱ्याचदा एखादी हिरवी पडलेली पिन, ढिली अर्थिंग किंवा उंदराने कुरतडलेली वायर एवढाच असतो.

गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे गिअर बदलायचे हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर, आंधळा असतो. सेन्सर सांगेल तेच त्याला खरं वाटतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: बॉक्स बिघडलाय, की बॉक्सबद्दल येणारी माहिती बिघडलीय? खालचा क्रम या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे. पायऱ्या गाळू नका, कारण पुढच्या मोजणीचा अर्थ मागच्या मोजणीवर अवलंबून आहे.

१. आधी गाडी कोणत्या जातीची आहे ते ठरवा

हा लेख टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या जुन्या ४ किंवा ५ स्पीडच्या गाड्यांसाठी आहे. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे आलेल्या एएमटी गाड्यांत साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच-गिअर यंत्राने हलवले जातात. त्यांचे सेन्सर वेगळे, तपासणीही वेगळी. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला) इथल्या वायरिंगच्या पायऱ्या चालतील, पण गिअर रेशोचं, म्हणजे बॉक्समध्ये येणारा वेग भागिले बाहेर जाणारा वेग हे गणित चालणार नाही.

गाडीचं वर्ष आरसी बुकावर पाहा. भारतात प्रवासी गाड्यांना ओबीडीचा (गाडीने स्वतःचे दोष कोडच्या रूपात नोंदवण्याच्या व्यवस्थेचा) पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ खाचांचं सॉकेट दिसलं, तरी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर त्यातून गिअरबॉक्सचा डेटा वाचेलच असं नाही. अनेकदा फक्त इंजिन दिसतं. अशा वेळी त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा. काही जुन्या टोयोटा आणि होंडा गाड्यांत सर्व्हिस कनेक्टरच्या ठरावीक पिना जोडल्या की डॅशवरचा दिवाच लुकलुकून कोड सांगतो. पण कोणत्या पिना, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय हात लावू नका. त्याच सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरीचे १२ व्होल्ट असतात.

२. जवळ काय हवं

- डिजिटल मल्टीमीटर. डीसी-एसी व्होल्ट आणि ओहम मोजणारा, शक्यतो फ्रिक्वेन्सीही दाखवणारा.
- लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर.
- त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम आणि गिअरबॉक्सच्या कनेक्टरची पिन-आकृती. हे नसेल तर काम सुरूच करू नका. गिअरबॉक्सचा कोड बॉक्सवरच्या पट्टीवर असतो, तो लिहून घ्या.
- कनेक्टरच्या मागून आत सरकवायला बारीक पिना.
- इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर, डायलेक्ट्रिक ग्रीस, गोंदवाली हीट-श्रिंक नळी, क्रिम्पिंग पक्कड.
- १ किलोओहमचा एक रेझिस्टर. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळतो.
- जॅक, दोन भक्कम स्टँड, चाकाला लावायची लाकडी उटी.
- वही. आधीची सर्व्हिस बिलंही काढून ठेवा, विशेषतः कोणतं गिअर ऑईल टाकलं होतं ते.

आणि एक वस्तू मुद्दाम बाजूला ठेवायची: बल्ब लावलेला १२ व्होल्टचा टेस्टर. हेडलाइट आणि हॉर्नसाठी तो ठीक आहे. सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरीवर लावला, तर बल्ब इतका करंट ओढतो की कंट्रोलर कायमचा जाऊ शकतो. गाडी इलेक्ट्रिशियनकडे दिलीत तर हे त्याला आधीच स्पष्ट सांगा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांच्या जवळपासही जाऊ नका.

३. कोड लिहून घ्या, पुसू नका

स्कॅनर लावल्यावर लगेच "क्लिअर" दाबायची घाई होते. तसं केलं की कोड ज्या क्षणी आला त्या वेळचा वेग, आरपीएम आणि तापमान यांची नोंदही जाते. आधी सगळ्याचा फोटो घ्या.

नेहमी दिसणारे कोड असे: पी०७०० म्हणजे फक्त "गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये कोड आहे, तिकडे बघा". पी०७०५ गिअर लिव्हरच्या जागेचा सेन्सर. पी०७१० ते पी०७१४ ऑईलच्या तापमानाचा सेन्सर. पी०७१५ ते पी०७१७ इनपुट म्हणजे टर्बाइन स्पीड, बॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा वेग. पी०७२० ते पी०७२३ आउटपुट स्पीड, बॉक्समधून चाकांकडे जाणारा वेग. पी०७३० आणि पुढचे काही कोड म्हणजे गिअरचा रेशो जुळत नाही. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला.

पी०७१७ किंवा पी०७२२ यांच्यासोबत पी०७३० आला असेल, तर पी०७३० कडे आधी बघू नका. रेशो काढला जातो तो याच दोन सेन्सरच्या आकड्यांवरून. एक आकडा खोटा असेल तर रेशो चुकीचाच निघणार. "क्लच प्लेटा घसरतात" असं सांगून बॉक्स उघडले जातात ते बहुतेक इथे फसून.

४. बॅटरी, चार्जिंग, अर्थिंग

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाऊ नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. कमजोर बॅटरीवर स्टार्ट करताना व्होल्टेज कोसळलं की कंट्रोलर गोंधळतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम टाकतो. असे विखुरलेले कोड दिसले, तर सेन्सर सोडा आणि बॅटरीकडे जा.

आता मीटर एसी व्होल्टवर घ्या. इंजिन २००० आरपीएमवर, हेडलाइट आणि एसी चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला, तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. ही लहर स्पीड सेन्सरच्या बारीक सिग्नलमध्ये मिसळते आणि कंट्रोलरला भलतेच आकडे दिसतात. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि तीच सर्वात जास्त वेळा राहून जाते.

अर्थिंग तपासताना ओहम मोजू नका. एकाच तारेवर टिकलेली अर्थिंगही ओहममध्ये चांगली दिसते. इंजिन चालू, सगळे दिवे आणि ब्लोअर चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर बॉक्सपासून बॉडीला आणि बॅटरीला जाणाऱ्या पट्ट्या उघडा, पॉलिशपेपरने धातू चमकवा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. बाहेरून बसवलेले हॉर्न, फॉग लॅम्प किंवा रिमोट लॉक याच बोल्टवर अर्थ केलेले असतील, तर ते दुसरीकडे हलवा.

५. ऑईल

इथे थोडक्यात. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि चांगला सेन्सरही "घसरण" दाखवतो. पातळी बघण्याची पद्धत कंपनीनुसार बदलते. बऱ्याच गाड्यांत ऑईल गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघतात. होंडात गरम इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत बघतात. डिपस्टिक नसलेल्या बॉक्समध्ये ऑईल ठरावीक तापमानाला असताना इंजिन चालू ठेवून पातळीचा बोल्ट उघडतात. खानदेशात अडचण होते ती इथे: उन्हाळ्यात दुपारी उभ्या गाडीचं ऑईलच ४०-४५ अंशांवर असतं, इंजिन सुरू करेपर्यंत ते ठरावीक तापमान ओलांडलं जातं. गरम ऑईल फुगलेलं असल्याने नको तेवढं बाहेर पडतं आणि पातळी कमी राहते. हे काम पहाटेच करा, आणि तापमान स्कॅनरवर बघत करा. आधीच्या बिलावर गाडीला न चालणाऱ्या ग्रेडचं ऑईल दिसलं, तर ते बदलल्याशिवाय पुढची कोणतीही रोड टेस्ट ग्राह्य धरू नका.

६. कनेक्टर आणि वायरिंग

सेन्सरला हात लावण्याआधी त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता बघा. बॅटरी काढा, मग गिअरबॉक्सवरचा मोठा कनेक्टर सोडवा.

*हिरवट किंवा पांढरी भुकटी:* पाणी शिरलं आहे. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने खालून मारलेलं पाणी हे याचं मोठं कारण. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती बॉक्सवर थापली जाते, ती दिवसचे दिवस ओल धरून ठेवते आणि कनेक्टरच्या रबर सीलला खाते. ती काढायलाच लोक प्रेशर मारतात, म्हणजे दुहेरी मार. चिखल ओल्या फडक्याने आणि ब्रशने काढा.

*लालसर तेल:* बॉक्सच्या आतला सील गेला आहे. हे तेल वायरीच्या तारांमधून, इन्सुलेशनच्या आतून, दिव्याच्या वातीसारखं वर चढतं आणि कधी कधी थेट कंट्रोलरपर्यंत पोहोचतं. म्हणून कंट्रोलरकडचा कनेक्टरही उघडून बघा. तिथे तेल असेल तर नुसता खालचा कनेक्टर पुसून भागणार नाही.

*कुरतडलेली वायर:* घराशेजारी धान्याची पोती किंवा कापूस साठवलेला असेल, तर उंदीर बॉनेटखाली येणारच. वायरिंगवरची जाळीची नळी पूर्ण उघडून बघा. वरून दिसत नाही.

साफ करायला रॉकेल किंवा पेट्रोल नको, प्लॅस्टिक आणि सील दोन्ही खराब होतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, सीलवर डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. मादी पिना सैल झाल्यात का, ते त्याच मापाची सुटी नर पिन घालून बघा. ती पकड न घेता सुटून पडली, तर दोष सापडला. मीटरची जाड सुई त्या पिनेत कोंबू नका, तशाने चांगली पिनही सैल होते. वायर मध्येच टोचून मोजू नका. पहिल्या पावसात तिथूनच गंज सुरू होतो.

जोड क्रिम्प करून गोंदवाल्या हीट-श्रिंकने बंद करा. पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड इथल्या उन्हाळ्यात टिकत नाही, टेपचा गोंद वितळून ती सुटते. स्पीड सेन्सरच्या वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या किंवा जाळीच्या आवरणात असतील, तर दुरुस्तीनंतरही तशाच ठेवा.

७. तापमानाचा सेन्सर

हा समजला की बाकीचे सोपे जातात. आत थर्मिस्टर असतो: ऑईल तापलं की रेझिस्टन्स उतरतो. कंट्रोलर एका वायरीवर ५ व्होल्ट पाठवतो आणि किती उरले ते बघतो. सर्किट तुटलं तर स्कॅनर उणे ४० च्या आसपास दाखवतो. वायरी एकमेकींना टेकल्या तर अशक्य इतकं गरम, १५० च्याही वर.

पहिली तुलना पहाटे करा. गाडी रात्रभर उभी हवी. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा आणि गिअर ऑईल, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. तिन्ही आकडे ५ अंशांच्या आत जुळायला हवेत. आता कनेक्टर सोडवा: रीडिंग उणे ४० कडे गेलं पाहिजे. मग गाडीकडच्या बाजूच्या त्या दोन पिना तारेने जोडा: रीडिंग अतिगरम झालं पाहिजे. तारेऐवजी १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर मधला, स्थिर आकडा दिसेल. या तिन्ही गोष्टी झाल्या, तर वायरिंग आणि कंट्रोलर चांगले आहेत आणि दोष सेन्सरमध्ये आहे. एखादीही झाली नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. पिना जोडण्याआधी डायग्रामवर दोनदा खात्री करा. त्याच कनेक्टरमध्ये सोलेनॉइडच्या (ऑईलचा दाब वळवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) पिनाही असतात, त्या जोडायच्या नाहीत.

खरी फसवणूक करतात ती अर्धवट बिघडलेली सर्किटं. रूढ प्रकारातला एक सेन्सर घेऊ: २० अंशांना सुमारे ३५०० ओहम, ३० ला २२४०, ७० ला ४७०, ९० ला २४०, १०० ला १८० ओहम. तुमच्या गाडीचे आकडे मॅन्युअलमधून घ्या, कंपनीनुसार ते खूप बदलतात. आता गंजलेल्या पिनेने २०० ओहम वाढवले असं धरा. पहाटे ३५०० चे ३७०० झाले, फरक एका अंशाचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ऑईल ९० अंशांवर गेलं की २४० चे ४४० होतात आणि स्कॅनर ९० ऐवजी जेमतेम ७० दाखवतो. म्हणजे गंजाचा दोष गाडी तापल्यावरच उघडा पडतो.

पाण्याची गळती उलट वागते. पिनांमधल्या ओलीतून ५ किलोओहमची वाट तयार झाली, तर ३० अंशांचे ३९ दिसतात, पण ९० ला फरक दीड-दोन अंशांचाच. म्हणून ओलीचा दोष थंड गाडीत दिसतो. थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजल्याशिवाय निदान करू नका.

हा फरक महत्त्वाचा का? ऑईल थंड आहे असं वाटलं की कंट्रोलर टॉर्क कन्व्हर्टर लॉक करायला (इंजिन आणि बॉक्स थेट जोडायला) उशीर करतो किंवा करतच नाही. हायवेवर आरपीएम चढे राहतात, अॅव्हरेज पडतं, आणि न लॉक झालेल्या कन्व्हर्टरमुळे ऑईल खरोखर तापत जातं. खोटं रीडिंग खऱ्या बॉक्सला जाळतं ते असं.

८. स्पीड सेन्सर

आधी प्रकार ओळखा, कारण एकाची चाचणी दुसऱ्याला चालत नाही.

*दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर:* आत गुंडाळी असते. रेझिस्टन्स बहुधा काही शे ते दीड हजार ओहमच्या दरम्यान, नेमका आकडा मॅन्युअलमधला. बॉडीशी मोजलं तर जोड दिसता कामा नये. आउटपुटचा सेन्सर असेल तर ओढणारी चाकं स्टँडवर उचला, बाकीच्या चाकांना उटी लावा, लिव्हर न्यूट्रलमध्ये घेऊन चाक हाताने फिरवा. मीटरवर एसी व्होल्ट दिसले पाहिजेत आणि वेगासोबत वाढले पाहिजेत. ओहम बरोबर पण व्होल्ट फार कमी, असं असेल तर सेन्सर बाहेर काढून टोक बघा. करडा, लोण्यासारखा लेप झिजेचा असतो, पुसून टाका. चमकणारे धातूचे कीस निघाले, तर मात्र बॉक्स उघडण्याचं कारण खरं आहे.

*तीन वायरींचा हॉल सेन्सर:* एका वायरीवर ५ किंवा १२ व्होल्ट, दुसरीवर अर्थ, तिसरीवर सिग्नल. चाक सावकाश फिरवलं की सिग्नल शून्य आणि वर, शून्य आणि वर असा उड्या मारतो. ओहम मोजून याचं काहीच कळत नाही.

काही गाड्यांत दोनच वायरींचा, पण इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. त्याला चुंबकीय समजून ओहम मोजले की "खराब" असं चुकीचं उत्तर मिळतं. डायग्राममध्ये त्याला सप्लाय दाखवला असेल, तर तो याच प्रकारचा.

९. लिव्हरच्या जागेचा स्विच

गाडी फक्त न्यूट्रलमध्येच स्टार्ट होते, 'पी' मध्ये नाही. किंवा डॅशवर 'डी' ऐवजी काहीच दिसत नाही: संशय या स्विचवर. स्कॅनरवर लिव्हर एकेका खाचेत थांबवत बघा. चुकीचं दिसलं तर आधी केबलचं अॅडजस्टमेंट, मग पाणी, मग स्विच. ब्रेक स्विचही इथेच बघून घ्या. तो अडकून ब्रेक कायम दाबलेला दाखवत असेल, तर कन्व्हर्टर लॉक होत नाही.

१०. हलवून, तापवून, मग रस्त्यावर

"कधी कधीच होतं" असा दोष उभ्या गाडीत पकडायचा असेल, तर इंजिन चालू ठेवून लाइव्ह डेटा लावा आणि वायरिंग बोटभर अंतराने हलवत चला, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. मग हेअर ड्रायरने सेन्सर आणि कनेक्टर तापवा. आकडा उडी मारेल तिथे खूण करा.

रोड टेस्टला दोघं जा, एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने स्कॅनर बघायचा. पाचच आकडे निवडा: इंजिन आरपीएम, टर्बाइन, आउटपुट, गिअर, ऑईलचं तापमान. जास्त निवडले की स्वस्त स्कॅनर मंदावतो आणि आकडा क्षणभर गायब झाला तर ते दिसत नाही. धावत्या गाडीत टर्बाइन किंवा आउटपुट एका झटक्यात शून्य होऊन परत आला, तर तो विजेचा दोष आहे. फिरणारा धातू असा क्षणात थांबत नाही. आकडा सलग राहतो, पण टर्बाइन भागिले आउटपुट हा रेशो हळूहळू सरकत जातो, तर ती खरी घसरण. कन्व्हर्टर लॉक असताना इंजिन आणि टर्बाइनचे आकडे जवळपास सारखे दिसले पाहिजेत.

सुरुवात सपाट रस्त्यावर करा. तिथे सगळं जुळलं तरच घाट चढा, चाळीसगावकडून कन्नड घाट किंवा शिरपूरच्या पुढे बिजासन. सपाटीला ८० ते १००, चढावर ११० च्या आसपास तापमान ठीक. १३० च्या वर टिकून राहिलं तर बाजूला थांबा, 'पी' मध्ये इंजिन चालू ठेवून निवू द्या. रेडिएटर आणि ऑईल कूलरच्या जाळीत धूळ आणि कापसाचा तंतू अडकलाय का, ते दुसऱ्या दिवशी बघा. वरच्या सगळ्या चाचण्या जुळल्या असतील, तर १३० चं हे रीडिंग खोटं धरू नका.

११. भाग बदलल्यावर

जुना सेन्सर लगेच फेकू नका. नव्याचे ओहम त्याच तापमानाला मोजून वहीत लिहा. भंगारातला स्वस्त सेन्सर घ्यायचाच असेल, तर मीटर दुकानात घेऊन जा. ओ-रिंग नवीच टाका आणि बसवण्याआधी तिला गिअर ऑईल लावा. मग कोड पुसा आणि बघा: काही बॉक्सना स्कॅनरवरून नव्याने शिकवावं लागतं, बाकीचे चालवता चालवता शिकतात. बॅटरी काढल्यामुळे जुनी शिकवण पुसली गेली असेल, तर पहिले काही दिवस गिअर थोडे उशिरा किंवा कडक पडतील. तेवढ्यावरून पुन्हा बॉक्सवर संशय घेऊ नका. आठवडाभराने पहाटेची तुलना आणि गरम रीडिंग पुन्हा एकदा घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.